मेम्ब्रेनचं वय कुठून मोजायचं: नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या प्रकल्प नोंदी

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पिम-१ या सच्छिद्र पॉलिमरच्या फिल्म शनिवारी मेथनॉलमधून काढून निर्वात ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या, त्या आज बाहेर घेतल्या. सगळ्या एकाच द्रावणातल्या, एकाच दिवशी ओतलेल्या. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, सपाट काचेच्या बशीत ओतायचं, वर झाकण ठेवून द्रावक अगदी सावकाश उडू द्यायचं. जाडी साठ मायक्रॉनच्या आसपास. गर्द पिवळ्या, खिडकीपाशी धरल्या की हिरवट झाक मारणाऱ्या.

प्रश्न साधा आहे. अल्कोहोल आणि पाणी वेगळं करणारं पॉलिमरचं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, जुनं होतं म्हणजे नेमकं काय होतं? ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनी ९५.६ टक्क्यांपर्यंतच पोचतं. तिथे, ७८.२ अंशांना, वाफेत आणि द्रवात अल्कोहोलचं प्रमाण एकच होतं आणि टॉवर कितीही उंच बांधला तरी उपयोग नसतो. १९०२ मध्ये सिडनी यंगने बेंझिन घालून ही अडचण ओलांडली. बेंझिन घातक, म्हणून ते मागे पडलं. आज आपल्याकडच्या बहुतेक डिस्टिलऱ्यांत ३ए मॉलिक्युलर सिव्हचे (पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र खड्यांचे) मनोरे असतात. मेम्ब्रेन हा तिसरा मार्ग: एका बाजूने द्रव फिरवायचा, दुसऱ्या बाजूला निर्वात ठेवायचा. जे मेम्ब्रेनमध्ये मुरतं ते पलीकडे वाफ होऊन निघतं आणि द्रव नायट्रोजनच्या ट्रॅपमध्ये गोठतं. यालाच परव्हेपोरेशन म्हणतात. हा शब्द कोबरने १९१७ मध्ये वापरला. तोंड घट्ट बांधून टांगलेल्या कोलोडियनच्या (नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पापुद्र्याच्या) पिशवीतलं पाणी तरीही कमी होतं, हे त्याच्या सहायकाच्या लक्षात आलं होतं.

आमच्याकडे दोन जातींची मेम्ब्रेन आहेत. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्याला वाट देतं, म्हणून ते जवळपास शुद्ध अल्कोहोलमधलं उरलेलं पाणी काढायला. पिम-१ अल्कोहोलला वाट देतं, म्हणून ते आंबवणातलं थोडं अल्कोहोल बाहेर ओढायला. जोडीला तुलनेसाठी पीडीएमएस, म्हणजे सिलिकॉन रबर.

पिम-१ चे तुकडे चार ठिकाणी ठेवले. एक वाटा एसीच्या खोलीत डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात). दुसरा मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, जिथे एसी नाही. तिसरा इथेनॉलमध्ये बुडवून. चौथा थेट सेलमध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणात, सहा टक्के इथेनॉलच्या फीडसमोर (आत फिरवलेल्या द्रवासमोर), सतत चालू. शिवाय काही तुकडे मेथनॉलच्या बाटलीतच राहू दिले. मॅडमचं म्हणणं, तेच आपलं शून्य वय. जेव्हा जुना तुकडा मोजायचा तेव्हा त्या दिवशीच बाटलीतून एक काढायचा, वाळवायचा आणि शेजारी मोजायचा. मला ही सूचना फार मोलाची वाटली. सेल, पंप, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक मोजणारं यंत्र) यांत महिन्याभरात काय काय हलतं याची खात्री कुणालाच देता येत नाही.

१८ फेब्रुवारी

पहिलं मोजमाप. फीड ३० अंशांवर. पर्मिएटचं, म्हणजे पलीकडे निघालेल्या मालाचं, वजन करून फ्लक्स (ठराविक वेळात किती माल पार जातो तो आकडा), जीसीवर घटक. सेपरेशन फॅक्टर (पाण्याच्या मानाने अल्कोहोल किती पट निवडलं जातं तो आकडा) दहाच्या आसपास, म्हणजे पिम-१ साठी जो आकडा ऐकिवात आहे त्याला धरूनच. पर्मिएट रिफ्रॅक्टोमीटरवर मोजायचा मोह एम.टेक.च्या मुलीला झाला, कारण जीसीला रांग होती. सहा टक्क्यांच्या फीडला ते चालून जाईल, पण पीव्हीएच्या कामाला नाही. इथेनॉल-पाणी मिश्रणाचा अपवर्तनांक सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत चढतो आणि मग परत उतरतो. एकाच आकड्याची दोन उत्तरं येतात. दाट अल्कोहोलसाठी घनता मोजायची, नाहीतर जीसीच्या रांगेत उभं राहायचं.

एक्साइजच्या रजिस्टरमध्ये आजचं इथेनॉल चढवलं.

२० फेब्रुवारी

पिम-१ थोडं उतरलं आहे. पीडीएमएस जिथे होतं तिथेच आहे, आणि तेच अपेक्षित होतं.

रबर आणि काच हा फरक इथे सगळ्यात महत्त्वाचा. पीडीएमएसचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखं कडक होतं ते) उणे १२० अंशांच्याही खाली आहे. नागपूरच्या कुठल्याही ऋतूत त्याच्या साखळ्या मोकळेपणी हलतात, त्यामुळे त्या आधीच समतोलात बसलेल्या असतात. पिम-१ चं उलट. त्याची साखळी शिडीसारखी कडक, मध्येमध्ये स्पायरो कार्बनपाशी (दोन कड्यांना जोडणाऱ्या एकाच कार्बनपाशी) काटकोनात वळलेली. ती फिरू शकत नाही, घडी घालू शकत नाही, म्हणून साखळ्यांमध्ये फटी राहतात आणि त्या फटींतूनच रेणू जातात. बड आणि मॅककिऑन यांच्या गटाने मँचेस्टरमधून २००४ मध्ये हे पॉलिमर मांडलं ते याच सच्छिद्रपणासाठी. नेहमीच्या पद्धतीने तापवत नेलं तर त्याचं काच-संक्रमण दिसायच्या आधीच पॉलिमर जळायला लागतं, इतकी ती काच कडक.

पण काच म्हणजे समतोल नव्हे. द्रावक उडताना साखळ्या जशा अडकल्या तशा राहिल्या, जास्तीची मोकळी जागा आत कोंडली गेली. डब्यात ओतलेले मुरमुरे जसे दिवसागणिक खाली बसत जातात, एकही मुरमुरा न हरवता, तशी ही जागा हळूहळू आटते. कुठलाही बंध तुटत नाही, नवा जुळत नाही. वजन तेवढंच, रसायन तेच.

काकांनी (आमचे लॅबवाले) सेल उघडताना विचारलं, "ताई, कालच तर नवीन लावला होता, आज पुन्हा काऊन काढून राहिल्या?" मी म्हटलं, काका, हा त्याच वाट्यातला दुसरा तुकडा आहे, वयाने मोठा. त्यांनी दोन्ही उजेडाला धरून पाहिले. "सारखेच तं दिसून राहिले." दिसतात खरे सारखे. कपाटात पडून राहिलेल्या मेम्ब्रेनवर कुणी संशय घेत नाही त्याचं कारण हेच आहे.

२७ फेब्रुवारी

दहावा दिवस. डेसिकेटरमधल्या तुकड्याचा फ्लक्स पहिल्या दिवसाच्या मानाने साधारण सातव्या हिश्श्याने कमी. शून्य वयाचा तुकडा मात्र पहिल्या दिवसाच्याच आकड्यावर. म्हणजे उपकरण ठीक आहे, उतरलं आहे ते मेम्ब्रेन.

मोजायचे दिवस आम्ही १, ३, १०, ३०, १०० असे ठेवलेत. काचेसारख्या पॉलिमरचं जुनं होणं सरळ वेळेप्रमाणे चालत नाही, वेळेच्या लॉगप्रमाणे चालतं. स्ट्राइकने १९७८ मध्ये हे सविस्तर मांडलं: पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जेवढा बदल, जवळपास तेवढाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. रोज मोजत बसलं तर पहिल्या आठवड्यात घाबरायला होतं आणि चौथ्या आठवड्यात वाटतं की थांबलं. ते थांबलेलं नसतं.

यातून एक गोष्ट मला फार खटकायला लागली आहे. मेम्ब्रेनवरच्या शोधनिबंधांत फ्लक्स असतो, सेपरेशन फॅक्टर असतो, तापमान असतं. फिल्म ओतल्यापासून किती दिवसांनी मोजली, ती त्या काळात कशात ठेवली होती, हे पुष्कळदा नसतं. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा दोष संश्लेषणात शोधला जातो. कदाचित एकाने दुसऱ्या दिवशी मोजलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या महिन्यात, एवढंच असेल. वय न लिहिलेला फ्लक्स हा अर्धा आकडा आहे.

६ मार्च

विदर्भातल्या एका धान्यावरच्या डिस्टिलरीतले अभियंते भेटायला आले होते. मॅडमचे जुने विद्यार्थी. तुकडा तांदूळ आणि मका आंबवून इथेनॉल करतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं असल्याने ९९.५ टक्क्यांच्या पुढे न्यावंच लागतं. सिव्हचे मनोरे आहेत त्यांच्याकडे. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं, आकडे ऐकले आणि एकच विचारलं: "मॅडम, हे सगळं नव्याचं झालं. दोन वर्षांनी किती देईल?"

यापेक्षा योग्य प्रश्न या खोलीत कुणी विचारलेला मला आठवत नाही.

मेम्ब्रेन कारखान्यात चालतं, हे सिद्ध करायची गरज आता नाही. जर्मनीच्या जीएफटी कंपनीने १९८० च्या दशकात पॅनच्या (पॉलिअॅक्रिलोनायट्राइलच्या) सच्छिद्र आधारावर पीव्हीएचा पातळ थर चढवून ते बाजारात आणलं. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या बेथेनीव्हिलला दिवसाला दीड लाख लिटर इथेनॉल सुकवणारा प्रकल्प उभा राहिला. प्रश्न टिकण्याचा आहे, आणि तो प्रत्येक फीडसाठी वेगळा आहे.

ते गेल्यावर पीव्हीएचे प्रयोग ठरवले. दोन प्रकार: ग्लुटारल्डिहाइडने क्रॉसलिंक केलेलं (साखळ्या एकमेकींना गाठींनी जोडलेलं) आणि मॅलिक अॅसिडने केलेलं. फीड नव्वद टक्के इथेनॉल, ६० अंश. एकात स्वच्छ मिश्रण, दुसऱ्यात थोडं अॅसेटिक आम्ल घातलेलं, कारण आंबवणातून आलेल्या स्पिरिटमध्ये ते थोडंफार असतंच.

१९ मार्च

तिसावा दिवस. चारही ठिकाणचे तुकडे एकापाठोपाठ मोजले.

इथेनॉलमध्ये बुडवलेला जवळपास कोरा. डेसिकेटरमधला आणखी उतरला. कपाटातला त्याहून जास्त. सेलमध्ये सतत चाललेला तुकडा मधोमध: कोरड्या तुकड्यांइतका उतरला नाही, इथेनॉलमधल्याइतका तगलाही नाही. हे पटण्यासारखं आहे. अल्कोहोल आत शिरलं की साखळ्या एकमेकींपासून लांब राहतात आणि फटी मिटत नाहीत. फीडमध्ये सहाच टक्के अल्कोहोल, शिवाय एका बाजूला निर्वात, म्हणून निम्मी जाडी कोरडीच राहते.

सेपरेशन फॅक्टरही थोडा घसरला आहे. वायूंच्या बाबतीत उलट होतं असं वाचलेलं होतं: जुनं मेम्ब्रेन कमी वायू सोडतं पण निवड जास्त चोख करतं, कारण फटी अरुंद झाल्या की लहान रेणूंचं फावतं. इथे मात्र लहान रेणू पाणी आहे आणि आपल्याला हवा आहे तो मोठा, इथेनॉलचा. त्यामुळे अरुंद फट आपल्या विरोधात काम करते. फ्लक्सही जातो आणि निवडही. पीव्हीएसारखं पाणी काढणारं मेम्ब्रेन असतं तर हेच अरुंद होणं कदाचित फायद्याचं ठरलं असतं.

एफटीआयआर (रासायनिक बंध ओळखणारी अवरक्त चाचणी) करून घेतलं. नायट्राइलची २२४० ची रेघ नव्या-जुन्यात तशीच, बाकीच्याही तशाच. रसायन बदललेलं नाही.

२ एप्रिल

पाडवा झाला आणि ऊन एकदम चढलं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात घालवत नाही असं येतं. आमच्या थर्मोस्टॅट बाथला तापवता येतं, गार करता येत नाही. दुपारी फीड ३० अंशांवर राहीना.

तापमानाने जुनेपण झाकलं जातं, आणि कसं ते लिहून ठेवते. २५ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे ५९ मिमी पारा, ४० अंशांना सुमारे १३४. म्हणजे रेणूंना पलीकडे ढकलणारा जोर दुपटीहून जास्त. मेम्ब्रेन आतून मिटत असतानाही उन्हाळ्यात फ्लक्स वाढलेला दिसेल, आणि नुसता फ्लक्स वहीत मांडणारा माणूस म्हणेल की मेम्ब्रेन सुधारलं. त्यासाठीच फ्लक्सला बाष्पदाबाच्या फरकाने भागून परमिअन्स काढायचा. बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये परव्हेपोरेशनवाल्यांना हेच निक्षून सांगितलं होतं. एवढ्यानेही पुरत नाही, कारण मेम्ब्रेनमध्ये अल्कोहोल किती मुरतं हेही तापमानावर असतं. तिथे पुन्हा मेथनॉलच्या बाटलीतला तुकडा कामाला येतो: जुना आणि शून्य वयाचा, दोन्ही त्याच दिवशी, त्याच तापमानाला. उरतो तो फरक वयाचा.

आजपासून महत्त्वाची मोजमापं पहाटे.

१६ एप्रिल

सेलमधल्या चालू तुकड्याचा फ्लक्स एका रात्रीत इतका पडला की जुनं होण्याच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. रात्री वीज गेली होती. पंप बंद पडला की लाइनमधला निर्वात पंपाच्या बाजूने हवा ओढतो, आणि त्या हवेबरोबर तेलाची वाफ येते. जास्त मोकळी जागा असलेली पॉलिमर तेल फार आवडीने शोषतात. पीटीएमएसपी या मेम्ब्रेनची हीच कथा. मासुदा आणि हिगाशिमुरा यांनी १९८३ मध्ये क्योटोहून ते प्रसिद्ध केलं तेव्हा ते सगळ्यात जास्त वायू सोडणारं पॉलिमर होतं, आणि पुढे काही ठिकाणी त्याच्या घसरणीत पंपाच्या तेलाचाही हात निघाला.

तुकडा हेक्झेनमध्ये, मग मेथनॉलमध्ये धुतला, वाळवला. बराचसा परत आला. पण शंभर दिवसांच्या मालिकेतून तो बाद. त्याच्या वयात आता तेलही मिसळलं आहे. शेजारच्या विभागातून बिनतेलाचा डायफ्रॅम पंप उसना आणला आहे आणि वीज गेली की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह लाइनवर बसवला.

८ मे

पीव्हीएचा हिशोब वेगळाच निघतो आहे.

आम्ल न घातलेल्या फीडमध्ये ग्लुटारल्डिहाइडवालं पीव्हीए स्थिर आहे. आम्लाच्या फीडमध्ये फ्लक्स वाढत चालला आहे, आणि पलीकडे पाण्याबरोबर अल्कोहोलही निसटतं आहे. ग्लुटारल्डिहाइडने घातलेले अॅसिटलचे बंध आम्लात पाण्याने तुटतात; एक एक गाठ सुटली की जाळं सैल होतं, ते जास्त पाणी पितं, फुगतं आणि मग अल्कोहोलही आत येऊ देतं. मॅलिक अॅसिडच्या एस्टर गाठीही आम्लात सुटतात, अल्कलीत तर अजून वेगाने. इथे एफटीआयआरमध्ये फरक दिसतो, पिम-१ मध्ये दिसत नव्हता.

म्हणजे 'जुनं झालं' या एका शब्दाखाली दोन विरुद्ध गोष्टी आहेत. काचेसारख्या पिम-१ मध्ये वाट मिटते. गाठी सुटलेल्या पीव्हीएमध्ये वाट जास्तच उघडते. पहिलं भौतिक, म्हणून परतवता येतं. दुसरं रासायनिक, तिथे परतीचा रस्ता नाही. कारखान्यात फ्लक्स वाढला म्हणून कुणी खूश झालं तर पीव्हीएच्या बाबतीत ती धोक्याची खूण असू शकते.

हवामानाचाही भाग आहे. कोरडं पीव्हीए ८५ अंशांच्या आसपास मऊ होतं, पण थोडं पाणी प्यालं की तो आकडा झपाट्याने खाली येतो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी की राखीव फिल्म कडक होऊन कडेने तडकतात. समोर कूलर लावला की त्याच फिल्म तासाभरात ओलावा घेऊन गुंडाळतात. दिवसा कूलर, रात्री बंद: रोजचं हे फुगणं-आटणं आधाराच्या थरावर ताण देतं. पीव्हीए आता सीलबंद डब्यात, सिलिका जेलसह. कूलर दुसऱ्या खोलीकडे वळवला. काका नाराज झाले, पण वळवला त्यांनीच.

२८ मे

शंभरावा दिवस, आणि नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू. पहाटे चारला सेल चालू केला.

डेसिकेटरमधला तुकडा: दहाव्या दिवसापासून आजपर्यंतची घट जवळपास तेवढीच, जेवढी पहिल्या दहा दिवसांत झाली होती. लॉगची रेघ कागदावर काढल्यावर पाचही बिंदू तिच्या आसपास बसले. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या हाताने ओतलेल्या फिल्ममध्ये अशी उतरताना बघून फार आनंद झाला.

कपाटातला तुकडा मात्र रेघ सोडून खाली गेला आहे. मार्चपर्यंत तो थोडाच मागे होता, एप्रिल-मेमध्ये झपाट्याने घसरला. कपाटाच्या आतला थर्मामीटर दुपारी ४१ दाखवत होता. हे तापमान पिम-१ च्या काच-संक्रमणापासून शेकडो अंश दूर आहे, तरी पंधरा-सोळा अंशांच्या फरकाने साखळ्यांचे छोटे छोटे तुकडे जास्त हलतात आणि जागा लवकर आटते. युरोपातल्या प्रयोगशाळेत 'खोलीच्या तापमानाला ठेवलं' असं लिहिलं तर ते वीस-बावीस अंश असतात. आमच्याकडे तेच वाक्य मे महिन्यात वेगळा प्रयोग होऊन बसतं. शंभर दिवसांचा आकडा इथे तापमानाशिवाय लिहूच नये, असं माझं आता ठाम मत आहे.

इथेनॉलमधला तुकडा अजूनही शून्य वयाच्या खूप जवळ.

३० मे

कपाटातला सगळ्यात वाईट तुकडा रात्रभर मेथनॉलमध्ये ठेवला, मग पहिल्यासारखाच वाळवला. फ्लक्स शून्य वयाच्या आकड्याला जवळपास टेकला, सेपरेशन फॅक्टरही वर आला. मेथनॉल आत शिरून साखळ्या फुगवतं, आणि ते निघून गेलं की फटी पुन्हा ताज्यासारख्या राहतात. जुनेपण रसायनाचं नव्हतं याचा यापेक्षा मोठा पुरावा नको.

म्हणून पिम-१ चं वय ओतल्याच्या दिवसापासून मोजणं बरोबर नाही. ते शेवटच्या मेथनॉलपासून मोजायला हवं. एका फिल्मला दोन तारखा लागतात.

मॅडमनी लगेच विचारलं की पुन्हा तरुण झालेला तुकडा पुन्हा त्याच वेगाने उतरतो का. पुढच्या महिन्यात कळेल.

१२ जून

साठ मायक्रॉनची फिल्म प्रयोगशाळेसाठी. कारखान्याला मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ थर लागतो, नाहीतर फ्लक्स परवडत नाही. पॅनच्या आधारावर पिम-१ चा साधारण एक मायक्रॉनचा थर चढवला (पॅन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, म्हणून हे जमतं) आणि दहाव्या दिवशी मोजला.

जाड फिल्मने शंभर दिवसांत जेवढं गमावलं त्यापेक्षा जास्त या थराने दहा दिवसांत गमावलं.

टेक्सासमध्ये हुआंग आणि पॉल यांनी २००४ च्या सुमारास पॉलिसल्फोन, पॉलिइमाइड वगैरेंच्या पातळ फिल्मवर हेच वायूंनी मोजून दाखवलं होतं: जाडी मायक्रॉनच्या खाली गेली की जुनं होण्याचा वेग फार वाढतो. एक खुलासा असा की आतली जास्तीची मोकळी जागा सरकत सरकत पृष्ठभागातून बाहेर पडते, आणि पातळ थरात तिला फार जावं लागत नाही. दुसरा असा की पृष्ठभागाजवळच्या साखळ्या मुळातच जास्त हलतात. दोन्ही थोडंथोडं खरं असावं.

डिस्टिलरीच्या अभियंत्यांना जाड फिल्मचा शंभर दिवसांचा आलेख दाखवला असता तर त्यांची दिशाभूल झाली असती. त्यांना जो थर लागणार आहे त्याचं आयुष्य वेगळ्या घड्याळावर चालतं. मेथनॉलने पातळ थरही सुधारला, पण एका तुकड्यात आधारापासून सुटल्यासारखा फुगा दिसला. चालू कारखान्यात मॉड्यूल मेथनॉलने भरून काढणं हा रोजचा उपाय होऊ शकणार नाही.

३ जुलै

पुन्हा तरुण केलेला तुकडा तीस दिवसांनंतर: उतार पहिल्या वेळेसारखाच. आठवण राहत नाही, चांगलीही नाही आणि वाईटही नाही.

पावसाने हवा बदलली. पहाटेच्या पाळ्या संपल्या.

२४ जुलै

खरं आंबवण लावून पाहिलं. गडचिरोलीकडून आणलेली वाळलेली मोहफुलं; वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते त्यांत. परवान्यात बसतं का हे आधी विचारून घेतलं. यीस्टने आंबवलं, कापडातून गाळलं, सेंट्रिफ्यूज केलं. वास मात्र सगळ्या मजल्यावर गेला आणि काका दोनदा येऊन विचारून गेले, "ताई, हे वाया तं नाही ना घालवून राहिल्या?"

पिम-१ आणि पीडीएमएस दोन्हींचा फ्लक्स पहिल्याच दिवशी खाली आला. हे वय नव्हे. पाण्याने धुतल्यावर काही परत आलं, तो पृष्ठभागावरचा गाळ, प्रथिनं आणि यीस्टचे अवशेष. धुऊनही जे आलं नाही ते आत मुरलेलं: आयसोअमाइलसारखी जड अल्कोहोलं, मेदाम्लं. अल्कोहोलला वाट देणाऱ्या मेम्ब्रेनला हे रेणू इथेनॉलपेक्षाही जास्त प्रिय असतात.

पीडीएमएसचा उपयोग मला आज नीट कळला. रबर काचेसारखं जुनं होत नाही, म्हणून त्याच्यात दिसलेली घट म्हणजे निव्वळ गाळ आणि मुरलेला माल. पिम-१ मध्ये दिसलेल्या घटीचं काय काय मिळून झालं हे ठरवताना पीडीएमएसची घट सोबत ठेवायची. वजाबाकी अचूक होणार नाही, कारण दोघांच्या आवडी सारख्या नाहीत, पण दिशा कळते. निवडक्षमतेत पीडीएमएस पिम-१ पेक्षा थोडं मागेच, पण वर्षभराचा हिशोब धरला तर कदाचित तेच पुढे जाईल.

२१ ऑगस्ट

विभागात मांडणी झाली. उद्या पोळ्याची सुट्टी, म्हणून आजच लिहून टाकते.

प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर यापुढे काय लिहायचं हे सगळ्यांनी मान्य केलं: ओतल्याची तारीख, द्रावक, जाडी, शेवटच्या मेथनॉलची तारीख, कशात आणि किती तापमानाला ठेवलं, आणि आजवर कुठल्या फीडला लागला. आमच्या अहवालातला कुठलाही फ्लक्स आता यांच्याशिवाय छापला जाणार नाही.

पुढचा प्रश्न, हे थांबवता येतं का. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या गटाने पीएएफ-१ ही अतिसच्छिद्र भुकटी पीटीएमएसपी आणि पिम-१ मध्ये मिसळून वायूंच्या बाबतीत हे जुनं होणं जवळपास रोखलं होतं. साखळ्यांचे भाग भुकटीच्या छिद्रांत अडकून जागच्या जागी राहतात असा त्यांचा खुलासा. आमच्याकडे ती भुकटी नाही. मॅडमच्या मते आधी क्रॉसलिंकिंग करून पाहावं. मला शंका आहे की त्याने सुरुवातीचाच फ्लक्स इतका पडेल की टिकवायला काही उरणार नाही. करून बघितल्याशिवाय हा वाद मिटणार नाही, म्हणून पुढच्या फिल्म अर्ध्या तशा, अर्ध्या साध्या.

अभियंत्यांशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्या "दोन वर्षांनी किती?" याचं उत्तर प्रयोगशाळेतून देता येणार नाही, हे मी त्यांना सरळ सांगितलं. त्यांच्याच प्लांटमध्ये, त्यांच्याच स्पिरिटच्या लाइनवर छोटे तुकडे बसवून दर तिमाहीला एक काढून मोजला तरच ते कळेल. ते तयार आहेत. सहा तुकड्यांचा स्टीलचा होल्डर करायचा, पीव्हीए तीन, पीडीएमएस तीन. पिम-१ अजून नाही. लाइनमध्ये आम्ल किती असतं याचे महिन्याचे आकडे त्यांच्याकडून मागितले आहेत. गॅस्केट ईपीडीएम रबराचं घ्यायचं ठरलं. ड्रॉइंग सोमवारी पाठवते.